पेट्रोल टाकीचा ब्रीदर, ओव्हरफ्लो आणि गाडीत येणारा वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंपावर पेट्रोल उसळून बाहेर येणे, झाकण उघडताना जोरात ‘सुस्स’ होणे, मागच्या सीटवर बसणाऱ्याचे डोके दुखेल इतका वास येणे. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी बहुतेक वेळा मूळ एकच निघते: टाकीतली हवा आणि वाफ ये-जा करायची वाट, म्हणजे ब्रीदर, बुजली आहे, फाटली आहे किंवा पेट्रोलने भरली आहे. पुढची उत्तरे मुख्यतः पेट्रोल कारसाठी आहेत. डिझेलसाठी प्रश्न १५ आणि दुचाकीसाठी प्रश्न १६ पाहा.

१. टाकीला ब्रीदर लागतोच कशाला? झाकण घट्ट बसलं की झालं ना?

नाही. इंजिन टाकीतून जितके पेट्रोल ओढते तितकी हवा आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत निर्वात तयार होतो, गाडीतल्या इंधन पंपाला पेट्रोल ओढणे जड जाते आणि पत्र्याची टाकी आत चेपू शकते. उलट, उभी गाडी तापली की पेट्रोल प्रसरण पावते, त्याची वाफ होते आणि दाब वाढतो. पेट्रोलमधले हलके घटक सुमारे ३५ अंश सेल्सियसपासूनच उकळू लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात तर सावलीतसुद्धा पारा त्याच्या वर असतो. या दाबाला वाट दिली नाही तर तो स्वतः शोधतो आणि ती वाट बहुधा जुन्या गॅस्केटमधून किंवा चिरलेल्या नळीतून असते.

२. टाकीकडून भरणीच्या नळीला जाणारी एक जाड नळी आहे आणि वरून निघणारी एक बारीक. दोन्ही ब्रीदरच का?

हो, पण कामे वेगळी. जाड नळी फक्त पेट्रोल भरतानाच्या हवेसाठी असते. पंपाचे नोझल मिनिटाला ३० ते ४० लिटर पेट्रोल सोडू शकते, म्हणजे तेवढीच हवा त्याच मिनिटात बाहेर पडली पाहिजे. म्हणून तिचा आतला व्यास साधारण १२ ते १६ मिलिमीटर असतो. ती टाकीच्या माथ्यावरून निघून भरणीच्या तोंडाजवळ उघडते.

बारीक नळी, साधारण ६ ते ८ मिलिमीटरची, टाकीच्या रोजच्या श्वासासाठी असते. नव्या गाड्यांत ती कोळशाच्या कॅनिस्टरकडे जाते (प्रश्न १०), जुन्या गाड्यांत थेट उघड्यावर. तिच्या टाकीकडच्या तोंडाशी रोल-ओव्हर व्हॉल्व्ह असतो, गाडी उलटली तर पेट्रोल सांडू नये म्हणून. गॅरेजमध्ये घाईत या दोन नळ्यांपैकी एखादी सोडून देणे किंवा तिला बूच मारणे सर्रास चालते. दोन्ही लागतात.

३. पंपावरचं नोझल टाकी भरल्यावर आपोआप कसं बंद होतं?

नोझलच्या टोकाला एक छोटे भोक असते. पेट्रोल वाहताना नोझलच्या आत खेच तयार होते आणि त्या भोकातून हवा ओढली जात राहते. पेट्रोलची पातळी वर येऊन भोक झाकले गेले की हवा थांबते, आतला निर्वात एकदम वाढतो, पडदा खेचला जातो आणि खटका पडतो. नोझलला टाकी भरली की नाही हे कळत नाही. त्याला फक्त आपले टोक बुडले एवढेच कळते. प्रश्न ७ चे उत्तर यातच आहे.

४. खटका पडल्यावर पंपावरचा मुलगा ‘राउंड फिगर’साठी अजून थोडं भरतो. त्याने काय बिघडतं?

बरेच काही, आणि आमचे मत इथे ठाम आहे: पहिला खटका पडला की थांबा.

खटका पडतो तेव्हा टाकीच्या माथ्यावर अजून रिकामी जागा असते. ती वाया गेलेली जागा नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली असते, साधारणपणे टाकीच्या ५ ते १० टक्के. पेट्रोल जमिनीखालच्या थंड टाकीतून येते. ते २७ अंशांवरून ४५ अंशांवर गेले तर ४० लिटरला सुमारे ६८० मिलिलिटर वाढते (दर लिटरला, दर अंशाला जेमतेम १ मिलिलिटर हा हिशेब धरा). रिकामी जागा गिळून टाकली असेल तर हे पाऊण लिटर कुठे जाणार? बारीक ब्रीदरमधून कॅनिस्टरमध्ये. कोळसा वाफ शोषण्यासाठी असतो. द्रवाने भिजला की निकामी व्हायला लागतो. कॅनिस्टर नसलेल्या गाडीत तेच पेट्रोल रस्त्यावर सांडते, क्वचित तापलेल्या सायलेन्सरजवळ.

राउंड फिगर हवीच असेल तर आधी रक्कम सांगून भरा, टाकी फुल करून वर चिल्लर जुळवू नका.

५. पुस्तिकेत टाकी ३५ लिटरची लिहिली आहे, पंपावर ३८ लिटर बसलं. पंपाने लुबाडलं का?

एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. पुस्तिकेतला आकडा सुरक्षित भरणीचा असतो. त्यावरची प्रसरणाची जागा आणि भरणीची नळी त्यात धरलेली नसते. खटक्यानंतर थेंबथेंब भरत गेले की हे दोन-तीन लिटर सहज बसतात, आणि बसू नयेत हेच प्रश्न ४ मध्ये सांगितले आहे. मापाची शंका असेल तर टाकीवरून ठरवू नका. पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते, त्यात मोजून दाखवा म्हणून सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे.

६. उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो, असा मेसेज दर एप्रिलमध्ये येतो. खरं आहे का?

नाही. इंडियन ऑइलच्या नावाने फिरणारा हा मेसेज खोटा आहे आणि कंपनीने तसे जाहीरही केले आहे: उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत उन्हाळ्यात काय, हिवाळ्यात काय, टाकी भरणे सुरक्षित आहे. ‘ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत’ हे शब्द मात्र विसरू नका. मेसेज खोटा म्हणून गळ्यापर्यंत भरणे बरोबर ठरत नाही. तिथे धोका स्फोटाचा नसून सांडलेल्या पेट्रोलचा आणि भिजलेल्या कॅनिस्टरचा असतो.

७. टाकी अर्धी रिकामी असूनही नोझल दर दोन लिटरला ‘टक’ करून बंद पडतं. का?

एकाच पंपावर होत असेल तर नोझल किंवा त्याचा वेग दोषी. सगळीकडे होत असेल तर तुमच्या गाडीतली हवा बाहेर जात नाही. पाण्याची भरलेली बाटली एकदम उलटी केल्यावर पाणी जसे अडखळत गुडगुड करते, तसे भरणीच्या नळीत होते: आत जाणारे पेट्रोल आणि बाहेर येणारी हवा एकाच वाटेत भिडतात, पेट्रोल वर उसळते, टोक बुडते, खटका पडतो.

पाहायची ठिकाणे या क्रमाने. आधी जाड ब्रीदर नळी: मुरडलेली, चपटी झालेली, सैल क्लिपमुळे खाली लोंबकळून त्यात पेट्रोल साचलेले. मागच्या बंपरचे किंवा डेंटिंगचे काम नुकतेच झाले असेल, किंवा डिकीत सीएनजी किट बसवले असेल, तर नव्वद टक्के लक्ष इथेच द्या. मग बारीक नळीचे उघडे टोक: पावसाळ्यानंतर चिखल, आणि कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास सापडते. शेवटी कॅनिस्टर आणि त्याची ताज्या हवेची जाळी.

नळी साफ करताना ती दोन्ही टोकांनी सोडवा आणि सायकलच्या पंपाने हवा मारा. टाकीला जोडलेल्या नळीत कॉम्प्रेसरची हवा कधीही सोडू नका. ६–८ बारच्या हवेने टाकीचे शिवण उघडते. तोंडाने तर मुळीच फुंकू किंवा ओढू नका.

दुरुस्ती होईपर्यंत नोझल पूर्ण आत न घालता थोडे तिरके धरून, कमी वेगाने भरायला सांगा.

८. झाकण उघडताना ‘सुस्स’ आवाज येतो. ब्रीदर चोंदलाय का?

हलकी फुसकी नव्या गाडीत नेहमीची आहे, कारण यंत्रणा बंदिस्त असते आणि व्हॉल्व्ह थोडा दाब राखतात. काळजी करायची ती अशी: हवा जोरात *आत* ओढली जाते, पत्र्याची टाकी ‘डब्ब’ वाजते, किंवा गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालून गचके देत बंद पडते आणि झाकण उघडताच पुन्हा नीट चालते. शेवटचे लक्षण दिसले तर गाडीतला इंधन पंप बदलण्याआधी ब्रीदर तपासा. चांगला पंप फेकून नवा बसवला जातो आणि दोष तसाच राहतो, हे फार वेळा घडते. घाटात ऐकू येणारा आवाज वेगळा, प्रश्न १७ पाहा.

९. गाडीत पेट्रोलचा वास येतो. सुरुवात कुठून करू?

वास *कधी* येतो यावरून.

फक्त टाकी फुल केल्यावर येतो आणि पाव टाकी संपली की जातो: गळती टाकीच्या माथ्यावर आहे. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली एक गोल झाकण असते, त्याखाली पेट्रोल पंपाचे फ्लँज आणि त्याचे रबरी सील. सील दबलेले, फुगलेले किंवा मागच्या वेळी तिरके बसवलेले असते. पंप काढला की सील नवे घालायचे, जुने परत वापरायचे नाही. तिथेच ब्रीदरच्या प्लास्टिक निपलला तडा आहे का, तेही पाहा.

फक्त वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर येतो: भरणीची जाड रबरी नळी. तिच्या वाकणाच्या खालच्या बाजूला बोट फिरवा, चिरा तिथेच पडतात.

गाडी उभी करून उन्हात तापल्यावर बाहेरून, एका कोपऱ्यात येतो: कॅनिस्टर किंवा त्याची नळी.

बोनेटकडून, इंजिन चालू असताना येतो: हे ब्रीदरचे काम नाही. इंजेक्टरकडे जाणारी दाबाची लाइन गळत असू शकते. गाडी तिथेच बंद करा आणि ओढून न्या.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते, खाली बसते, डिकीच्या स्टेपनीच्या खड्ड्यात आणि गॅरेजच्या खळग्यात साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का झाले तरी ठिणगी पुरते. ‘थोडासाच वास आहे’ म्हणून महिने काढू नका.

१०. कोळशाचा कॅनिस्टर म्हणजे काय? माझ्या गाडीत आहे का?

इंजेक्शनवाली पेट्रोल कार असेल तर असतोच. काळ्या प्लास्टिकचा डबा, आत सक्रिय कोळशाचे दाणे. त्याला तीन तोंडे: एक टाकीकडून, एक ताज्या हवेला, एक इंजिनकडे पर्ज व्हॉल्व्हमधून. गाडी उभी असताना टाकीची वाफ कोळसा धरून ठेवतो आणि स्वच्छ हवाच बाहेर जाते. इंजिन तापून चालू लागले की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनची खेच ताजी हवा कोळशातून ओढते आणि धरलेली वाफ जळून जाते. कोळसा पुन्हा रिकामा.

भारत स्टेज ६ मध्ये गाडीला बंद खोलीत ठेवून बाष्पीभवन मोजतात. एका चाचणीत २ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ सुटता कामा नये. पीयूसीमध्ये मात्र फक्त सायलेन्सरचा धूर तपासला जातो, त्यामुळे कॅनिस्टर निकामी असूनही पीयूसी पास होते. पीयूसी पास म्हणजे टाकी नीट, असे समजू नका.

११. टाकी फुल केल्यावर गाडी लवकर स्टार्ट होत नाही, थरथरते. कॅनिस्टरच का?

कॅनिस्टर भिजलेला असेल किंवा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल. दोन्हींत न मोजलेली वाफ इंजिनात जाते. भरतानाच टाकीत वाफ खवळते, म्हणून त्रास नेमका पंपावरून निघताना होतो.

पर्ज व्हॉल्व्ह पाहणे सोपे. इंजिन थंड, आयडलवर. व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढून तोंडावर बोट ठेवा. खेच जाणवली तर व्हॉल्व्ह गळतोय. इंजिन बंद करून कनेक्टर काढा, मल्टिमीटरने रोध मोजा. बहुतेक व्हॉल्व्ह १५ ते ३५ ओहममध्ये येतात. १२ व्होल्ट दिल्यावर ‘टिक’ असा आवाज झाला पाहिजे.

कॅनिस्टर सोडवून हलवा. द्रव खळखळला, तोंडातून पेट्रोल गळले किंवा काळी पूड निघाली तर तो बदलायचा. उन्हात वाळवून परत बसवण्याचा सल्ला ऐकू नका. फुटलेले दाणे पर्ज लाइनमध्ये जाऊन नवा व्हॉल्व्हही अडकवतात. आणि कॅनिस्टर काढून नळीला बूच मारणे हा तर उपायच नव्हे. त्याने प्रश्न १ मधले सगळे दोष एकत्र येतात.

१२. सरळ रस्त्यावर काही नाही, पण उतारावर किंवा एका अंगाला कलती उभी केली की पेट्रोल ठिबकतं.

टाकी रुंद आणि चपटी असते. गाडी कलली की एका कोपऱ्यातले ब्रीदरचे तोंड पेट्रोलखाली जाते आणि वाफेऐवजी द्रव नळीत शिरतो. चांगल्या रचनेत म्हणूनच डाव्या कोपऱ्याची नळी उजवीकडे नेऊन मग वर चढवतात आणि उजव्याची डावीकडे: गाडी कुठेही कलली तरी नळीचा दुसरा भाग पातळीच्या वर राहतो. ही वाट कोणी ‘सरळ’ करून दिली असेल, किंवा रोल-ओव्हर व्हॉल्व्हचा फ्लोट अडकला असेल, तर ठिबक सुरू होते. तोवर अशा जागी टाकी पाऊणच्या वर ठेवू नका.

१३. जुनी जीप सुधारतोय, टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. ब्रीदर नीट कसा बसवू?

सीटखालच्या टाकीत हे काम नीटच झाले पाहिजे. वाफ सुटली तर ती तुमच्या पायाशी आणि वायरिंगशी असते. पुढच्या डिकीत टाकी असलेल्या बीटललाही हेच लागू. काम उघड्यावर, बॅटरी सोडून, टाकी रिकामी करून, ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवून करा.

१. टाकीच्या सर्वांत उंच बिंदूवर ८ मिलिमीटरचे निपल हवे. नसेल तर सेंडरच्या (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाच्या) प्लेटवर, प्लेट काढून बाहेर नेऊन, बसवून घ्या. टाकीला स्वतःला भोक पाडू नका (प्रश्न १९).

२. निपलजवळ रोल-ओव्हर व्हॉल्व्ह उभा बसवा. आडवा बसला तर तो नेहमीच बंद किंवा नेहमीच उघडा राहतो.

३. तिथून नळी वर चढवा. तिचा माथा भरणीच्या तोंडापेक्षा उंच हवा, जीपमध्ये सीटमागच्या खांबाशी नेता येते. वाटेत कुठेही खोलगट झोळ नको. झोळात साचलेले पेट्रोल बुचासारखे काम करते.

४. माथ्यावरून खाली उतरवून शेवट गाडीच्या बाहेर, चासीखाली, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला. तोंड खाली आणि तिरके कापलेले, त्यावर बारीक जाळी.

५. प्रत्येक जोडावर नीट मापाचा क्लिप, तारेचा वेढा नको. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट.

६. भरणीची जाड ब्रीदर नळी स्वतंत्र ठेवा. दोन्ही ‘टी’ने एकत्र जोडल्या की भरताना बारीक नळीतून पेट्रोल उडते.

यापुढे जाऊन कॅनिस्टर बसवता आला तर फार चांगले. एखाद्या लहान इंजेक्शन कारचा चालतो. तो टाकीच्या पातळीपेक्षा वर ठेवा. पर्जची नळी कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलपट्टीच्या *वरच्या* निपलला जोडा, म्हणजे आयडलला खेच राहणार नाही आणि इंजिन थरथरणार नाही.

१४. झाकण भोकाचं घ्यावं की बंद? आणि नळी कोणती?

टाकीला वेगळा ब्रीदर असेल तर बंद झाकण, म्हणजे ज्यात फक्त संरक्षक व्हॉल्व्ह आहे ते. वेगळा ब्रीदरच नसेल, तर भोकाचे. जुन्या गाडीला ‘बसतंय’ म्हणून दुसऱ्या गाडीचे बंद झाकण लावले की प्रश्न ८ मधला त्रास सुरू होतो. भोकाचे झाकण कॅनिस्टरवाल्या गाडीला लावले की वाफ कॅनिस्टरला वळसा घालून थेट बाहेर जाते.

नळी पेट्रोलचीच घ्या, पाण्याची किंवा हवेची नको, आणि पारदर्शक पीव्हीसी तर नकोच. ती वर्षभरात कडक होऊन तडकते. आता पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मिळते, जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. नळीवर एसएई जे३० आर९ छापलेले असेल तर ती इथेनॉलला टिकते आणि वाफही कमी झिरपू देते. आर६ किंवा आर७ स्वस्त असते, पण सीटखाली पैसे वाचवू नका.

१५. डिझेल गाडीला यातलं काय लागू?

ब्रीदर हवाच, कॅनिस्टर लागत नाही, कारण डिझेलची वाफ नेहमीच्या तापमानाला अगदी थोडी होते. डिझेल फेसाळते, म्हणून खटका लवकर पडतो. अर्धा मिनिट थांबून फेस बसू द्या आणि एकदाच, हळू भरा. बाकी प्रश्न ७ प्रमाणेच.

१६. मोटारसायकल थोडं चालून बंद पडते, झाकण उघडलं की चालते.

झाकणातले बारीक भोक चोंदले आहे, किंवा टाकीवर घातलेल्या कव्हरने ते झाकले आहे. कव्हर काढा, भोक पातळ तारेने मोकळे करा, झाकणाखालची ओव्हरफ्लो नळी टाकीखाली मोकळी लोंबते का पाहा.

१७. खाली टाकी भरून महाबळेश्वरला गेलो, वर झाकण उघडताच जोरात वाफ आली.

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो, त्यात घाट चढून टाकी तापलेली. आतला दाब जास्त ठरतो, वाफ बाहेर येते. दोष नाही. झाकण अर्धे फिरवून दाब जाऊ द्या, मग काढा, आणि तोंड त्यावर नेऊ नका. घाट चढण्याआधी गळ्यापर्यंत भरणे मात्र टाळा.

१८. अमेरिकेत राहतो. झाकण नीट लावलं नाही म्हणून ‘चेक इंजिन’ कसा लागतो?

तिथल्या गाड्या बाष्प यंत्रणेची गळती स्वतः तपासतात. दोषाचा कोड पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ लहान, पी०४५६ अगदी बारीक. आधी झाकणाचे सील पुसा, टकटक आवाज होईपर्यंत आवळा. दिवा लगेच जात नाही, काही दिवसांच्या चालवण्यात तपासणी पुन्हा पूर्ण व्हावी लागते. तरी राहिला तर धुराची चाचणी (यंत्रणेत धूर सोडून गळती शोधणे) करून घ्या. पी०४४१ (पर्जचा प्रवाह चुकीचा) आला तर प्रश्न ११ पाहा.

१९. टाकी दोन दिवस रिकामी ठेवली आहे. ब्रीदरच्या निपलसाठी वेल्डिंग करू का?

नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की जळायला हवा पुरत नाही, रिकाम्या टाकीत दोन्ही नेमके मिसळतात. दोन दिवस उघडी ठेवूनही शिवणीत आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली पेट्रोल राहते आणि तापले की वाफ सोडते. पाण्याने धुणेही पुरेसे नाही. पेट्रोल टाक्यांचे काम नेहमी करणाऱ्या, वाफ काढून निष्क्रिय वायू भरून मग वेल्डिंग करणाऱ्या कारागिराकडेच द्या. बहुतेक वेळा वेल्डिंगची गरजच नसते: सेंडर प्लेटवर नट-वॉशर आणि पेट्रोलला टिकणाऱ्या सीलने बसणारे निपल मिळते.

२०. पंपावर पेट्रोल अंगावर आणि बॉडीवर उसळलं. लगेच काय करावं?

इंजिन सुरू करू नका. कर्मचाऱ्याला सांगा, जमिनीवरच्या पेट्रोलवर वाळू टाकून घ्या. बॉडी भरपूर पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने घासू नका. कपडे भिजले असतील तर ते आधी पाण्याने भिजवून मग काढा, कारण कोरडे ओढताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. गाडी ढकलून बाजूला घ्या, वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, मग स्टार्ट करा.